बसणीच्या चढावरचा फ्यूज

माझी नात मला मोबाइलवर या सदरातले अनुभव वाचून दाखवते. बरेचसे मला बनावट वाटतात. पांढरी साडी, पैंजणाचा आवाज, उलटे पाय… भुताला दुसऱ्या रंगाचं लुगडं मिळत नाही का, असं मी विचारते आणि नात चिडते. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे, सत्तरी ओलांडलेली. तरुणपणी मसणवट्याच्या बाजूनं एकटीनं सरपण आणलेलं आहे. अंगात येणाऱ्या बायांना तोंडावर ढोंगी म्हटलेलं आहे. माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. आता आहे का, ते मला सांगता येत नाही. जे झालं ते सकाळच्या उन्हात, डांबरी रस्त्यावर, माझ्या पोरासमोर आणि एका मिस्त्रीसमोर झालं. तेवढंच लिहिते.

आमचा तांडा आर्णी तालुक्यात, आर्णीपासून नऊ किलोमीटर आत. तांडा म्हटलं की लोकांना पालं आठवतात. तसं काही नाही… सिमेंटची घरं आहेत, पाण्याची टाकी आहे, घरोघरी मोटरसायकल आहे. आमचे जुने लोक बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूख फिरायचे. त्याला लदेणी म्हणत. माझ्या सासऱ्याच्या आज्यानं ती केलेली. आता आम्ही कापूस, तूर, सोयाबीन करतो.

तांड्याहून आर्णीकडे निघालं की तीन किलोमीटरवर एक चढ लागतो. त्याला आम्ही ‘बसणी’ म्हणतो. बैल तिथं बसायचे म्हणून बसणी. आता चढ कापून कमी केलाय, नाव मात्र तेच राहिलं. चढाच्या मध्यावर डाव्या हाताला मोहाचं झाड आहे. ते झाड लक्षात ठेवा.

आमच्या बुढ्याच्या — म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, आमच्याकडे असंच म्हणतात — दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा यवतमाळला डायलिसिस. तिथं मशीन मोजक्या, माणसं फार. बुढ्याचा नंबर सकाळी अकराचा. वेळेवर पोचला नाही की मशीन दुसऱ्याला लागते, मग तुम्ही वऱ्हांड्यात बसा. एक नंबर चुकला की पाय सुजायचे. दोन चुकले की उताणं झोपता यायचं नाही, बसून श्वास घ्यायचा. डॉक्टरनं संजयला, माझ्या पोराला, बाजूला घेऊन सांगितलं होतं — एकामागे एक तीन चुकवू नका.

त्यातच बुढा न्हाणीत पडला, खुबा मोडला. रॉड टाकला. त्यानंतर शेजाऱ्याच्या जीपमधून नेलं तर पहिल्याच खड्ड्याला त्यानं असा आवाज काढला की ड्रायव्हरनं जीप थांबवली. म्हणून संजयनं नागपूरहून एक जुनी, मोठी गाडी आणली. या गाडीच्या मागच्या चाकांवर स्प्रिंग नाही, हवेच्या रबरी पिशव्या आहेत. मागं वजन वाढलं की सेन्सरला कळतं, कॉम्प्रेसर सुरू होतो, पिशवीत हवा भरतो आणि गाडी पुन्हा सरळ होते. खड्डा पोटातल्या पाण्यालाही कळत नाही. बुढा पहिल्या दिवशी म्हणाला, “ही गाडी नोय, खाट हाये.”

तो पुढच्या सीटवर, पाय लांब करून. संजय चालवायला. मी मागं, उजव्या बाजूला, म्हणजे मला बुढ्याचं तोंड दिसायचं. मागची डावी सीट रिकामी.

पहिले दोन महिने गाडी चांगली चालली. मग चैत्र लागला.

एका सकाळी आम्ही बसणी चढत होतो. झाडापाशी आलो आणि गाडी माझ्या डाव्या बाजूनं खाली गेली. दणका नाही, आवाज नाही. कोणी खाटेवर टेकावं तशी. मागून कॉम्प्रेसर घुरघुरायला लागला, घुरघुरतच राहिला, आणि टप्पकन बंद पडला. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला.

“संजय, गाडी बसली रे.”

“आई, गाडी काय बैल हाये काय बसाले?”

“मंग उतरून पाय.”

उतरून पाहिलं तर मागचं डावं चाक निम्मं मडगार्डात घुसलेलं. पुढं नेलं की टायर घासायचा. आर्णीचा शकील मिस्त्री, गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, त्याला फोन लावला. तो मोटरसायकलवर आला, बॉनेटमधला डबा उघडला आणि त्यातून जळलेला फ्यूज काढून दाखवला. “चाळीस अँपचा फ्यूज हाये. सस्पेन्शनचा. उडाला.” नवा लावला. कॉम्प्रेसर सुरू झाला, गाडी उठली. पण यवतमाळला पोचलो तेव्हा सव्वा बारा झाले होते, मशीनवर दुसरा माणूस होता.

पुढच्या खेपेला पुन्हा तिथंच. या वेळी संजयनं खिशात चार फ्यूज ठेवले होते. त्या चढावर चारही उडाले.

शकील चांगला मिस्त्री आहे. पन्नाशीचा, हडकुळा, कमी बोलणारा. त्यानं अंदाजानं काही केलं नाही. त्याचं म्हणणं, फ्यूज हा चोर नाही, तो चौकीदार आहे. त्याला बदलून काय होते, चोर शोधा. आधी त्यानं कॉम्प्रेसरला वीज देणारा रिले बदलला. मग कॉम्प्रेसर सोडवून बाहेर बॅटरीवर चालवून पाहिला, किती करंट घेतो ते मीटरवर मोजलं. ठीक होता. मग पिशव्यांवर साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही. मग डाव्या चाकामागं त्याला एक वायर सापडली, पत्र्याला घासून घासून तिचं कातडं निघालेलं. तो खूश झाला.

“मावशी, चोर सापडला! गाडी हलली की ही वायर बॉडीले टेकते. शॉर्ट होते.”

त्यानं वायर बदलली, वर पाइप चढवला. मीही म्हटलं, झालं. दोन नंबर चुकले होते. बुढ्याचे पाय दुधीभोपळ्यासारखे झाले होते, तो भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा.

पुढच्या खेपेला बसणीवर फ्यूज पुन्हा उडाला. त्या दिवशी संजय आणि रस्त्यानं जाणाऱ्या दोघांनी जॅक लावून, पिशवीशेजारी लाकडी ठोकळा घालून गाडी कशीबशी नेली. एकेका खड्ड्याला बुढा दात खायचा. पण त्या दिवशी मशीन मिळाली. नसती मिळाली तर मी हे वेगळं लिहिलं असतं.

दोन दिवसांनी शकील स्वतः तांड्यावर आला. म्हणाला, “मले चढावर घेऊन चला. जसे जाता तसेच बसा.” बुढ्याच्या जागी तो स्वतः बसला. दोघांचं वजन सारखंच, दोघंही काडीपैलवान. मी नेहमीच्या जागी. निघण्याआधी त्यानं कॉम्प्रेसरची वायर काढून टाकली आणि फ्यूजच्या जागी हेडलाइटचा बल्ब जोडला, लांब वायर काढून बल्ब डॅशबोर्डवर ठेवला. मला सांगितलं, “आता या लाइनवर काहीच चालू नाही. वायर कुठं शॉर्ट असंल तरच हा बल्ब पेटंल. पेटला की गाडी थांबवाची, तिथंच चोर.”

आम्ही तिघं त्या बल्बाकडे पाहत निघालो. संजय रस्त्याकडे कमी, बल्बाकडे जास्त. मी ओरडले, “समोर पाय, नाईतर तुह्या बापाच्या आधी आपुनच जाऊ.”

झाड आलं. बल्ब पेटला नाही.

गाडी मात्र डाव्या बाजूनं खाली गेली.

शकील मान न वळवता म्हणाला, “मावशी, सरकल्या काय?”

“मी जागची हाललीच नाई.”

त्यानं मागं वळून पाहिलं. मी उजव्या दाराला चिकटून. डावी सीट रिकामी. मी ती नीट पाहिली, कारण मला पाहायचंच होतं. सीटचं कव्हर तसंच होतं, दबलेलं नाही, खळगा नाही. ऊन पडलेलं होतं तिच्यावर. पण गाडी तिकडं कलली होती, आणि माझ्या मांडीवरची पाण्याची बाटली घरंगळत त्या सीटवर गेली आणि मध्येच थांबली. टेकायला काही नसताना.

शकील खाली उतरला, गाडीखाली शिरला, बराच वेळ शिरून राहिला. मग त्यानं बल्ब काढला, कॉम्प्रेसर जोडला, नवा फ्यूज टाकला आणि मोबाइलला जोडलेला स्कॅनर पाहत बसला. चारही चाकांची उंची त्यात आकड्यांनी दिसते. कॉम्प्रेसर घुरघुरला, करंट वाढत गेला, डाव्या चाकाचा आकडा तसूभर हलला नाही… आणि टप्प.

“शॉर्ट नहीं है,” तो म्हणाला. घाबरला की तो हिंदीत बोलतो. “लोड है.”

लाकडी ठोकळा घालून गाडी आर्णीला त्याच्या गॅरेजवर नेली, तिथं त्यानं एक काम केलं. त्या डाव्या सीटवर एकेकाला बसवलं. आधी संजयला — आकडा फार खाली गेला. मग कॉलेजातून आलेल्या नातीला — थोडा जास्तच. मग म्हणाला, “मावशी, तुमी बसा.” मी बसले. चढावर जो आकडा होता, तोच आकडा आला. माझं वजन बेचाळीस किलो.

“इतक्याशा वजनानं फ्यूज उडाले नाई पाह्यजे,” शकील म्हणाला. “चार मोठे माणसं उचलते हे मशीन. पण ते उचलू देऊन नाई राह्यलं. जमिनीले धरून बसलं.”

मी त्याला आमच्या सासऱ्याचं एक वचन सांगितलं. लदेणीतलं जुनं. “बसल्या बैलाले मारू नये बापा, त्याचं ओझं उतरवा.” त्यानं मान हलवली. “तेच तं, मावशी. कोणतं ओझं उतरवू? सीट तं रिकामी हाये.”

मी घरी आले. बुढा ओट्यावर खाटेला टेकून बसला होता. दिवस बुडायला आला होता. त्यानं विचारलं, मिस्त्री काय म्हणाला. मी सगळं सांगितलं, बाटलीचंही.

तो म्हणाला, “बाप काय म्हणे?”

“बसल्या बैलाले मारू नये, ओझं उतरवा. तेच सांगतलं मी शकीलले.”

“अन् पुढचं?”

“पुढचं काय?”

“अर्धंच काहून सांगतं? पुढचं बोल नं.”

मला पुढचं पाठ होतं. दुसऱ्या कुठल्या तांड्यात नसेल, पण आमच्या घरात पोरांना बोलायला शिकवताना ते शिकवायचे. *उतरवलेलं ओझं वाटेवर सोडू नये, तिथूनच लादून न्यावं.* लदेणीत माल दुसऱ्याचा असायचा. बैल बसला तर गोणी उतरवायची, बैल उठवायचा, आणि तीच गोणी त्याच जागेवरून पुन्हा लादायची. वाटेवर गोणी सोडून तांडा पुढं जायचा नाही.

मी ते बोलले नाही. मला काय आठवलं ते आता लिहिते.

लग्न होऊन मला तीनच वर्षं झाली होती. असाच चैत्र. आम्ही दोघं कापसाची शेवटची गाडी भरून आर्णीला निघालो होतो. सासू पण आली. तिच्या डोळ्यांवर पडदा आला होता, आर्णीच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर होतं, एकच दिवस. तिला आधीच नंबराची चिठ्ठी मिळाली होती. ती चिठ्ठी तिनं पदराच्या गाठीत बांधली होती आणि दर थोड्या वेळानं गाठ चाचपायची. ती कापसावर बसली होती, डाव्या बाजूला. बसणीवर डावा बैल बसला.

नवरा खाली उतरून चाकाला दगड लावत होता. बैल उठेना. मारायचं नाही, ओझं उतरवायचं. पण कापूस उतरवला तर तो परत चढवणार कोण, भर उन्हात? मी सासूला म्हटलं, “तुमी उतरा. झाडाखाली बसा. कापूस टाकून येतो, मंग तुमाले नेतो.” ती म्हणाली, “अन् माहा नंबर?” मी म्हटलं, “नंबर कोठी पयून जाते?” मी तिला हात धरून उतरवलं. हात धरून म्हणते, पण ओढूनच. बैल उठला.

नवऱ्याला मी सांगितलं, आपणहून उतरल्या, म्हणे पायी येते सावकाश.

मार्केटात गाड्यांची रांग होती. परतलो तेव्हा ऊन कलून गेलं होतं. ती मोहाखाली बसलेली होती, बुंध्याला टेकून. ऊन लागून गेली होती. चिठ्ठी गाठीतून काढून हातात धरलेली होती. कोणी गाडीवाला आला तर दाखवायला असेल.

लोक म्हणाले, म्हातारीचा दिवस भरला. मीही तेच म्हटलं. मी रडून मिरवणारी बाई नाही, आणि पुढं चार पोरांचं, शेतीचं करता करता ती गोष्ट मागं पडली. विसरले असं नाही म्हणत. मागं पडली.

तर ओट्यावर मी बुढ्याला म्हटलं, “आपणहून नाई उतरल्या त्या. मी उतरवलं.”

तो म्हणाला, “मी चाकाखाली होतो. बहिरा नोतो.”

पन्नासच्या जवळपास वर्षं झाली असतील. इतकी वर्षं त्याला माहीत होतं. मी म्हटलं, “मंग बोलले काहून नाई?”

“काय बोलू? मलेही कापूसच न्याचा होता.”

एवढंच. मग त्यानं पाय खाटेवर ओढून घेतला, दुखला असेल, आणि म्हणाला, “सकाळी थांबव तिथं.”

सकाळी आम्ही तिघंच होतो. संजयनं शकीलचा स्कॅनर मोबाइलला जोडून समोर लावला होता. मी त्याला सांगितलं, झाडापाशी गाडी बसायच्या आधीच थांबव. त्यानं का म्हणून विचारलं नाही. संध्याकाळी त्यानं आमचं ऐकलं असावं.

गाडी थांबली. मी उतरले, मागून फिरून डाव्या बाजूला गेले आणि दार उघडलं. सकाळचे नऊ. मोहाखाली फुलांचा सडा पडलेला, त्याचा तो गोड, कुजका वास. दोन बकऱ्या फुलं खात होत्या. दुसरं कोणी नाही. माफी मागायची मला सवय नाही. मी म्हटलं, “चला. नंबर निंगून जाईन.”

काही झालं नाही. बकऱ्या चरत राहिल्या. मला वेड लागल्यासारखं वाटलं, मी दार लावणार तेवढ्यात पुढून बुढा बोलला. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात.

“याडी,” तो म्हणाला. “बस.”

बकऱ्यांनी माना वर केल्या. दोन्हींनी, एकदम. आणि माझ्या डोळ्यांदेखत गाडी डाव्या बाजूनं तीन बोटं खाली गेली. मी दार लावलं. जपून लावलं, जसं कोणाचा पदर अडकू नये म्हणून लावतात. पलीकडे जाऊन बसले.

कॉम्प्रेसर सुरू झाला. संजय मोबाइलकडे पाहत होता, मी संजयच्या मानेकडे. तिच्यावर काटा आलेला दिसत होता. घुरघुर… घुरघुर… आणि गाडी उठली. सावकाश, जसा बैल उभ्यानं ओझं घेतो तशी. कॉम्प्रेसर आपला आपण बंद झाला. फ्यूज उडाला नाही.

“चाल,” बुढा म्हणाला.

मी सगळा रस्ता डाव्या सीटकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी ती रिकामीच दिसली असती, पण पाहिलं नाही. आर्णीत शिरलो. जुन्या शाळेच्या फाटकासमोरून जाताना मागून फुस्स आवाज आला — पिशवीतली जास्तीची हवा सोडल्याचा — आणि गाडी डावीकडून हलकी झाली. संजयनं आकडा पाहिला. सीट रिकामी झाली होती. शिबिर त्याच शाळेत होतं, हे संजयला माहीत नव्हतं. मी त्याला सांगितलंही नव्हतं.

यवतमाळला पावणे अकराला पोचलो.

त्यानंतर सात महिने, आठवड्यातून दोनदा, आम्ही बसणीवर थांबलो. मी दार उघडायची, बुढा म्हणायचा बस, शाळेपाशी फुस्स व्हायचं. थांबलो त्या खेपांना फ्यूज एकदाही गेला नाही, नंबर एकदाही चुकला नाही. एकदा मुद्दाम, मीच म्हटलं म्हणून, संजयनं न थांबता गाडी नेली. झाडाच्या पुढं दहा पावलांवर फ्यूज गेला. पुन्हा तसा प्रयोग आम्ही केला नाही. येताना मात्र कधीच काही व्हायचं नाही. गाडी हलकीच यायची. मला ते खटकायचं. दर खेपेला जाते, येत कशी नाही?

माणसाला सवय कशाचीही होते. पुढं पुढं बुढा तिच्याशी बोलायचाही. “याडी, तूर बरी हाये यंदा.” असलं काहीबाही. मी म्हणायची, “त्यायले ऐकू येते का?” तो म्हणायचा, “तुले येते नं? मंग झालं.”

थंडीच्या तोंडावर मशीनचा उपयोग होईना. डॉक्टरनं संजयला सांगितलं, आता घरीच ठेवा. त्या दिवशी दुपारी आम्ही यवतमाळहून परत निघालो. बुढा डोळे मिटून होता. आर्णीत शाळेपाशी आलो आणि फाटकासमोर गाडी डाव्या बाजूनं खाली गेली. कॉम्प्रेसर घुरघुरला, घुरघुरला… टप्प. त्या प्रयोगानंतर पहिल्यांदा. आणि येताना तर पहिल्यांदाच.

संजय रडकुंडीला आला. “आज काहून? आता आज काहून?” त्यानं गाडी बाजूला घेतली.

मी उतरले, डावं दार उघडलं. शाळा सुटलेली होती, पोरं आमच्याकडे पाहत जात होती. मी म्हटलं, “चला घरी.” दार लावलं. संजयनं नवा फ्यूज टाकला. गाडी एका दमात उठली.

बुढ्यानं डोळे न उघडता विचारलं, “आली काय?”

“आली.”

“मंग चाल.”

बसणीवरून उतरलो, झाड मागं गेलं, ती तिथं उतरली नाही. आकडा तसाच राहिला, तांड्यापर्यंत, आमच्या दारापर्यंत. संजयनं बापाला उचलून घरात नेलं. मी मागं राहून डावं दार उघडलं. फुस्स झालं.

बुढा चार दिवसांनी गेला. शेवटचे दोन दिवस तो कोणाशी तरी हळू आवाजात बोलायचा, पण त्या आजारात रक्त खराब होतं, माणसं बोलतात असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून ते मी यात धरत नाही.

त्याला आता दुसरं वर्ष लागलं. गाडी तीच आहे, आठवड्यातून चारदा बसणी चढते. मी पहिले काही महिने थांबवून दार उघडायची. काही व्हायचं नाही. आता थांबवत नाही. फ्यूज उडत नाही.

शकीलनं मागे पुन्हा सगळी वायरिंग सोडवली. सीटखाली एक जोड सापडला, हिरवा पडलेला, तो त्यानं घासून साफ केला. म्हणतो, मावशी, हेच असेल. मी विचारलं, मग तो जोड चढावरच कसा बिघडायचा, आणि शाळेपाशी कसा सुधारायचा? बाटली कशाला टेकली? तो म्हणाला, “ते मले नका विचारू. मी फक्त वायर पाह्यतो.” सरळ माणूस आहे. मलाही उत्तर माहीत नाही. ती होती असं मी शपथेवर सांगणार नाही, नव्हती असंही नाही.

गाडीच्या पुढच्या खणात चाळीसच्या फ्यूजची एक डबी अजून आहे. अर्धी भरलेली. संजय परवा खण साफ करत होता, म्हणाला, “आई, हे फेकू काय? आता कायले लागते?”

मी म्हटलं, राहू दे. अजून एका म्हातारीला त्या रस्त्यानं जायचं आहे. कोण कुठं उतरवील, सांगता येत नाही.